गोळा करणे आणि घडवणे : ओल्ड स्कूल रूनस्केपमधील कौशल्ये

ऑनलाइन भूमिका-खेळात लढाईखेरीज पात्राला जी कामे शिकता येतात त्यांत दोन मोठे गट आहेत. खाण, पाणी, रान आणि वाफे यांतून कच्चा माल आणण्याची कौशल्ये हा एक, आणि त्या मालातून वस्तू घडवण्याची कौशल्ये हा दुसरा. या दोहोंची जोडी कशी जमते ते ओल्ड स्कूल रूनस्केप या खेळात फार स्पष्ट दिसते. मूळ रूनस्केप २००१ मध्ये आला. त्याची २००७ सालची आवृत्ती २०१३ पासून ओल्ड स्कूल या नावाने वेगळी चालते आणि २०१८ पासून त्याच खात्यावर मोबाइलवरही खेळता येते.

मायनिंगचे (खाणकाम) खनिज स्मिथिंगला (धातुकाम) लागते, फिशिंगची मासळी कुकिंगला, वुडकटिंगचे ओंडके फ्लेचिंगला (धनुष्य-बाण घडवणे) आणि फार्मिंगची वनस्पती हर्बलोरला (औषधी पेये बनवणे). यांपैकी फ्लेचिंग, फार्मिंग आणि हर्बलोर फक्त पैसे भरणाऱ्या सभासदांसाठी आहेत. प्रत्येक कौशल्य लेव्हल १ पासून ९९ पर्यंत चढते. ९९ ला १,३०,३४,४३१ एक्स्पी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात आणि त्यातले निम्मे ९२ व्या लेव्हललाच पुरे होतात. म्हणजे शेवटच्या सात पायऱ्यांना आधीच्या सगळ्या चढाइतकेच कष्ट पडतात.

झोळीचा हिशेब

पात्राच्या झोळीत २८ खण असतात. खनिज, मासे, ओंडके यांचा प्रत्येक नग एक खण अडवतो, म्हणून खरी कमाई बँकेपर्यंतच्या, म्हणजे माल साठवण्याच्या जागेपर्यंतच्या, खेपांवर ठरते. पोलादाची एक लगड पाडायला लोहखनिजाचा १ आणि कोळशाचे २ नग लागतात, शिवाय स्मिथिंग ३० हवे. नवखा खेळाडू १४ लोखंड आणि १४ कोळसा असे निम्मे-निम्मे भरून भट्टीवर जातो. त्यातून ७ लगडी निघतात आणि ७ खनिजे हातात राहतात. ९ लोखंड आणि १८ कोळसा नेला तर त्याच खेपेत ९ लगडी होतात. खेळातल्या एजव्हिल आणि अल खारिद या गावांतील भट्ट्या बँकेजवळ आहेत. लंब्रिजच्या भट्टीजवळ बँक नाही, तिथे वेळ मोडतो.

नुसत्या लोखंडाची लगड करताना सरासरी निम्मे खनिज वाया जाते. जालन्याचा भट्टीवाला सळईचा भाव काढताना वितळण्यातली घट आधीच धरतो, तसे इथेही धरावे लागते. रिंग ऑफ फोर्जिंग ही अंगठी घातली तर घट शून्य होते, पण १४० खनिजांनंतर अंगठी संपते. ऐरणीवर घडवताना हातोडा एक खण घेतो, उरलेल्या २७ खणांत पाच-पाच लगडींची पाच चिलखते बसतात. हातोडा बँकेत विसरणे ही सर्वांत नेहमीची फुकट खेप.

स्वयंपाकातही घट आहेच. लॉब्स्टर ४० व्या लेव्हलला पकडता येतो आणि ४० लाच शिजवता येतो, पण करपणे पूर्ण थांबते ते ७४ ला. कुकिंग गॉन्टलेट्स हे हातमोजे घातले तर ६४ लाच.

वाफ्यावरची शेती

मराठवाड्यातल्या वाचकाला सर्वांत लवकर कळणारे कौशल्य हे. औषधी वनस्पतीच्या वाफ्यात आधी दाताळ्याने तण काढायचे, मग खत, मग टोकणीने एक बी. वीस-वीस मिनिटांचे चार टप्पे, म्हणजे ८० मिनिटांत पीक तयार. खेळ बंद असला तरी वाढ चालू राहते, त्यामुळे लाइट गेली तरी पिकाचे बिघडत नाही. या वाफ्याला पाणी द्यावे लागत नाही. खताचा मात्र थेट परिणाम आहे : खताविना किमान ३ जुड्या मिळतात, साध्या कंपोस्टवर ४, सुपरकंपोस्टवर ५, अल्ट्राकंपोस्टवर ६. खतामुळे रोगही कमी पडतो. रोग दिसला की लगेच प्लांट क्युअर हे औषध द्यावे. पुढचा टप्पा येईपर्यंत दिले नाही तर रोप मरते. या वाफ्यावर पैसे देऊन राखणदार ठेवता येत नाही, म्हणून महाग बियाणे खताशिवाय टाकू नये.

रनार ही वनस्पती फार्मिंग ३२ ला लावता येते. ती निवडून, पाणी भरलेल्या कुपीत आधी टाकायची आणि मग स्नेप ग्रास हे गवत. हर्बलोर ३८ असेल तर प्रेयर पोशन हे प्रार्थनाशक्ती भरून काढणारे पेय तयार होते.

मोंढा आणि हमीभाव

व्हॅरॉक शहरातला ग्रँड एक्स्चेंज हा या जगाचा मोंढा. आडत्या नाही, लिलावाची हाक नाही. विकणारा आणि घेणारा आपापला भाव लावून ठेवतात आणि जुळले की सौदा होतो. लातूरच्या मिलमधली डाळ तुरीपेक्षा महाग विकते, म्हणून मिल चालते. इथे बरेचदा उलटे होते. हजारो खेळाडू एक्स्पीसाठीच वस्तू घडवत असल्याने तयार माल कच्च्या मालापेक्षा स्वस्त पडतो. तो फरक म्हणजे शिकण्याची फी. पैसा हवा असेल तर लगडी किंवा खनिजच विकणे पुष्कळदा शहाणपणाचे. घडवण्याआधी दोन्ही भाव पाहावेत.

भाव पार कोसळू नये याची सोयही आहे. मॅजिक ५५ ला मिळणारा हाय अल्केमी हा मंत्र वस्तूच्या ठरीव मूल्याच्या ६० टक्के नाणी देतो. हा एक प्रकारचा हमीभावच, फक्त त्यातून मंत्रात खर्च होणाऱ्या एका नेचर रून या जादूच्या दगडाची किंमत वजा धरावी.

खेळाचे घड्याळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यांवर चालते. त्यामुळे गावाकडे रेंज कमी-जास्त झाली तर लढाईत जीव जातो, खाणकामात मात्र एखाद-दुसरा दगड हुकतो. झोळीतला माल लाइन तुटली तरी टिकतो, जमिनीवर टाकलेला धरून चालू नये. ऑटो-क्लिकरने (आपोआप क्लिक करणारे सॉफ्टवेअर) खाण चालवणे नियमाविरुद्ध आहे, खाते कायमचे बंद होऊ शकते. आणि कोणी अनोळखी खेळाडू चिलखताला सोनेरी काठ लावून देतो म्हणून ते मागू लागला तर देऊ नये : असे काठ लावण्याचे कौशल्य या खेळात नाहीच.