ट्रोलिंग मोटरला बॅटरी जोडण्याआधी

ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडी हळू चालवणारी बॅटरीवरची छोटी मोटर, बिघडली म्हणून कोणी दुकानात आणली की आम्ही ती आधी टेबलावर भरलेल्या बॅटरीला लावून बघतो. बरेचदा ती भिंगरीसारखी फिरते. मग ग्राहक मोटरकडे बघतात आणि आम्ही त्यांच्या वायरीकडे. मढ-वर्सोव्याची छोटी होडी असो की गोराईच्या खाडीत रविवारी गळ टाकायला जाणारी हौशी मंडळी, दुखणं बहुधा बॅटरी आणि मोटर यांच्यामधल्या चार-पाच मीटरमध्येच असतं.

बॅटरी कुठली

गाडीची बॅटरी नको. ती स्टार्टर फिरवण्यापुरता, काही सेकंद, भरपूर करंट देते; तासन्‌तास थोडा थोडा द्यायला ती बनलेलीच नाही. डीप सायकल बॅटरी घ्या, म्हणजे बराच वेळ हळूहळू करंट देणारी. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी चालते का, असं हमखास विचारतात. चालते, पण १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची साठवण) बॅटरी पन्नास किलोच्या पुढे जाते आणि होडी कलली की अॅसिड सांडू शकतं. लहान होडीला आम्ही ती देत नाही. आणि इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळीच ठेवा. ट्रोलिंग मोटरने ती खाऊन टाकली तर इंजिन नेमकं खाडीच्या मधोमध सुरू होणार नाही.

सिरीज की पॅरलल

आधी मोटरवरची पट्टी वाचा. साधारण ५५ पौंड थ्रस्टपर्यंतच्या (थ्रस्ट म्हणजे मोटरचा ढकलायचा जोर) मोटरी १२ व्होल्टच्या असतात, ८० च्या आसपासच्या २४ च्या, त्याहून मोठ्या ३६ च्या.

२४ व्होल्ट हवे असतील तर सिरीज: पहिल्या बॅटरीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडा. उरलेला एक प्लस आणि एक मायनस मोटरकडे जातो. १२ व्होल्टच्याच मोटरला जास्त वेळ हवा असेल तर पॅरलल: प्लसला प्लस, मायनसला मायनस. तेव्हा मोटरची एक वायर पहिल्या बॅटरीवरून आणि दुसरी वायर दुसऱ्या बॅटरीवरून घ्या. दोन्ही एकाच बॅटरीवरून घेतल्या तर ती एकटीच जास्त राबते.

एक गैरसमज आमच्या काउंटरवर रोज येतो. १०० एएचच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये २४ व्होल्ट १०० एएच देतात, २०० नाही. २०० एएच फक्त पॅरललमध्ये, आणि तेही १२ व्होल्टवर.

जोडीतल्या दोन्ही बॅटऱ्या एकाच जातीच्या, एकाच एएचच्या, एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जुनी अजून बरी आहे म्हणून नवीच्या शेजारी बसवली की ती नवीलाही खाली ओढते. लिथियम बॅटऱ्या सिरीजमध्ये लावायच्या असतील तर कंपनीची परवानगी आहे का ते आधी बघा. सगळ्यांचं बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं तिला सांभाळणारं सर्किट, ते सोसत नाही.

२४ च्या जोडीतल्या एकाच बॅटरीवरून दिवा किंवा फिश फाइंडर (मासे शोधायचं यंत्र) घेऊ नका. एका ग्राहकाने हे केलं होतं. सहा महिन्यांत एक बॅटरी मेली, दुसरी ठणठणीत, आणि ते आमच्याशी भांडायला आले. दिव्यासाठी २४ चे १२ व्होल्ट करणारा डीसी-टू-डीसी कन्व्हर्टर लावा.

वायर

इथे पैसे वाचवायला जाऊ नका. ५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास ओढते. बॅटरी मागे आणि मोटर पुढे, असं ५ मीटर अंतर धरलं तर जायची-यायची मिळून वायर १० मीटर. ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली तर त्यातच जवळपास दीड व्होल्ट जातो. बॅटरी १२ देते, मोटरला साडेदहा पोचतात, आणि दोष मोटरला. १६ स्क्वेअर एमएममध्ये तोच तोटा अर्ध्या व्होल्टवर येतो. लोहार चाळीत स्वस्त वायर मिळेल, पण आतली तार कापून बघा: टिनचा मुलामा असलेली, बारीक तारांची हवी. उघडं तांबं खाऱ्या हवेत हिरवं होतं आणि ते हिरवेपण इन्सुलेशनच्या आत सरकत जातं. बाहेरून काही दिसत नाही.

लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, पक्कडीने चेपू नका, क्रिम्पिंग टूलने दाबा आणि वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा.

ब्रेकर

जादा करंट झाला की आपोआप बंद पडणारा ब्रेकर प्लसच्या वायरीवर लावा, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. वर सांगितलेल्या ५५ पौंडांच्या मोटरला ६० अँपिअरचा. घरातला एमसीबी काढून लावू नका. तो घरच्या एसी करंटसाठी असतो, आणि बॅटरीच्या डीसी करंटची ठिणगी सहज विझत नाही. जोडणी ब्रेकर बंद ठेवून करा, हातातलं कडं-अंगठी काढून. प्लस-मायनस उलटे लागले तर वेगाचा कंट्रोलर जळू शकतो. त्याला वॉरंटी मिळत नाही, आमचीही नाही.

चार्जिंग

लेड-अॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवू नका. मोटर बंद करून काही तास थांबा आणि मीटर लावा: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियमला हा हिशोब लागू नाही, तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ तसाच राहतो. चार्जरही तिचा वेगळा.

चार्जिंगच्या वेळी पेटीचं झाकण उघडं ठेवा, हायड्रोजन निघतो. लेड-अॅसिड बॅटरीत खारं पाणी शिरलं तर क्लोरीन तयार होतो, म्हणून पेटी तळाला नको, थोडी उंचावर आणि पट्ट्याने बांधलेली हवी. पावसाळ्यात होडी वर ओढली की बॅटरी घरी आणा, पूर्ण भरा, महिन्यातून एकदा पुन्हा भरा. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मेलेल्या बॅटऱ्या घेऊन येणाऱ्यांची आमच्याकडे रांग लागते.

आणि वल्हं होडीतच ठेवा. उधाणाच्या ओहोटीला खाडीचं पाणी ज्या जोराने निघतं, त्याच्या उलट जायला ही मोटर नाही.

दुकानात येताना

मोटरवरच्या पट्टीचा आणि बॅटरीच्या टर्मिनलचा फोटो आणा. वायरीचं माप सुतळीने घ्या, आणि सरळ रेषेत नको, वायर जशी वळून जाणार तशी सुतळी फिरवा. गाठ मारून सुतळीच घेऊन आलात तरी चालेल, आम्ही इथे मोजू.