आंबवणापासून आजारापर्यंत: यीस्टमधली विकरं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ढोकळ्याचं पीठ आंबत नाही, त्याला गुजरातीतला 'आथो' येतो. त्यात जिवाणूंचा वाटा मोठा, पण यीस्टही असतं. शाळेत 'विकर' म्हणून शिकलेल्या एन्झाइमचा मूळ ग्रीक अर्थच 'यीस्टमध्ये' असा आहे. १८९७ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून रस काढला आणि जिवंत पेशींशिवाय साखरेचं अल्कोहोल करून दाखवलं. त्याबद्दल त्यांना १९०७ चं नोबेल मिळालं. बडोद्यात गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांची अलेम्बिक कंपनी सुरू झाली तीही १९०७ सालीच, टिंक्चर आणि अल्कोहोल बनवायला. निव्वळ योगायोग, पण बडोदेकराला सांगितल्यावाचून राहवत नाही.

पेशीने एकाचे दोन केव्हा व्हायचं, हेही विकरंच ठरवतात, हे उमगायला मात्र १९७० चं दशक उजाडलं. अमेरिकेत लीलंड हार्टवेल यांनी पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये, ऊब वाढली की विभाजन अडणारे बिघडलेले प्रकार जमवले; त्यातून सीडीसी२८ हे जनुक हाती आलं. एडिंबरात पॉल नर्स 'पोंबे' यीस्टवर काम करत होते. पोंबे म्हणजे स्वाहिलीत बिअर. या यीस्टला कळी फुटत नाही, लांबट पेशी मधोमध दुभंगते. काही पेशी नेहमीच्या निम्म्याच आकाराच्या असताना दुभंगताना दिसल्या. स्कॉटिश बोलीत चिमुकल्याला 'वी' म्हणतात, म्हणून त्या जनुकाचं नाव पडलं वी१. पोंबेतलं सीडीसी२, म्हणजे हार्टवेल यांच्या सीडीसी२८ चाच भाऊबंद, हे विकर इतर प्रथिनांना फॉस्फेट चिकटवून विभाजन सुरू करतं. वी१ खुद्द सीडीसी२ लाच फॉस्फेट लावून रोखून धरतं, आणि सीडीसी२५ तो फॉस्फेट काढून घेतं. वी१ बिघडलं की रोखणारं कुणी उरत नाही. १९८७ मध्ये सीडीसी२ बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाचं त्याच्याच जोडीचं जनुक घातलं, तर ते यीस्ट पुन्हा विभागू लागलं! २००१ च्या नोबेलमध्ये हार्टवेल आणि नर्स यांच्याबरोबर, अशा विकरांची जोडीदार प्रथिनं (सायक्लिन) शोधणारे टिम हंट होते.

आता आजार. क्रिप्टोकोकस हे यीस्ट मेंदूच्या आवरणाला सूज आणतं. फॉस्फेट काढणारं कॅल्सिन्युरिन हे विकर त्यातून काढलं, तर ते २४ अंशांना मजेत वाढतं, ३७ अंशांना नाही. म्हणजे माणसाच्या अंगात टिकत नाही. हे १९९७ मध्ये दिसलं. पण हे विकर अडवणारं सायक्लोस्पोरिन हे औषध आपलंही कॅल्सिन्युरिन अडवतं. म्हणूनच तर ते मूत्रपिंड बदललेल्यांना प्रतिकारशक्ती दाबायला देतात.

कॅन्डिडा या आजार आणणाऱ्या दुसऱ्या यीस्टमध्ये हार्टवेल यांचं सीडीसी२८ पुन्हा भेटतं. एचजीसी१ हे प्रथिन त्याच्या जोडीला आलं की विभागलेल्या पेशी सुट्या होत नाहीत, त्यांचा धागा लांबत जातो आणि ऊतींत घुसतो. सीडीसी२८ वर औषध काढावं, तर त्याचा भाऊबंद आपल्या प्रत्येक पेशीत बसलेला. २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या कॅस्पोफंजिनने दुसरी वाट धरली: ते बुरशीची पेशीभित्तिका विणणाऱ्या विकराला अडवतं, आणि आपल्या पेशींना भित्तिकाच नसते.