लातूरची सोया पेंड आणि इराणचं गिऱ्हाईक

दसरा-दिवाळीला लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लागते. खरेदीदार मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो, आकडा बघतो, मग भाव बोलतो. त्या भावामागे तेलाइतकीच पेंडही असते. सोयाबीनमध्ये तेल साधारण १८ टक्के, बाकी बहुतेक पेंडच, बाजारात जिला डीओसी म्हणतात. आणि भारतीय पेंडेचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक काही वर्षं इराण होतं.

हा व्यापार टिकला तो रुपयावर. डिसेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने आशियाई क्लिअरिंग युनियनमार्फत, म्हणजे आशियाई देशांच्या मध्यवर्ती बँकांच्या हिशेब मिटवायच्या व्यवस्थेमार्फत, इराणशी होणारी देणीघेणी थांबवली. २०१२ मध्ये तोडगा निघाला: इराणी तेलाच्या बिलापैकी ४५ टक्के रक्कम युको बँकेत रुपयांत जमा करायची आणि त्याच रुपयांतून इराणने इथला तांदूळ, चहा, पेंड घ्यायची. डॉलरची गरजच उरली नाही.

८ मे २०१८ रोजी ट्रम्प इराणबरोबरच्या अणुकरारातून बाहेर पडले आणि अमेरिकेचे इराणवरचे निर्बंध परत लागू होणार हे ठरलं. चालू व्यवहार आवरायला अमेरिकेने काहींना ९०, तर काहींना १८० दिवस दिले. आवरायचं म्हणजे नवा सौदा नाही. आधीच्या लेखी करारातला माल मुदतीत पोचवायचा आणि तेवढ्याचीच वसुली करायची. १८० दिवस ४ नोव्हेंबरला संपले. लक्ष्मीपूजन ७ तारखेला होतं, म्हणजे ऐन आवकेचे दिवस.

अन्न आणि औषधांना निर्बंधांतून सूट होती. पण इराणची सरकारी जहाज कंपनी काळ्या यादीत, बँकाही यादीत. दंडाच्या धास्तीने बाहेरच्या बँका, जहाजवाले, विमावाले सूट असलेल्या मालालाही हात लावेनात. निर्बंध घालणाऱ्यांनी ही अडचण पुरेशी मनावर घेतली नाही, याचा मला राग आहे.

इराणी तेल घेत राहायला अमेरिकेने भारताला दिलेली सवलत मे २०१९ च्या सुरुवातीला संपली. तेल थांबलं, तशी युको बँकेतल्या खात्यात नवी भर पडणंही थांबलं. शिल्लक मात्र खर्च होत राहिली. निर्यातदाराचे पैसे अडकले की तो पेंड कमी उचलतो, मग कारखाना सोयाबीन बेताने घेतो. आणि पीककर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला औसा-निलंग्याचा शेतकरी भाव सुधारेपर्यंत माल धरून ठेवू शकत नाही.