बंदी, आस आणि माशाची लांबी

जाळी, दोरा, शिसं, गरी घेणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकांसाठी माहितीपत्रक

मे महिना उजाडला की दुकानात तेच चार प्रश्न येतात. मासेमारी बंद कधीपासून? चालू कधी? माझ्या होडीला लागू आहे का? आणि ही आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप, चालेल ना? प्रत्येकाला तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून या वर्षी लिहूनच काढलं. मालवण परिसरातले मच्छीमार डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, पण नियम झाईपासून रेडीपर्यंत सगळ्या किनाऱ्याला सारखेच आहेत.

बंदीच्या तारखा

1 जून ते 31 जुलै, दोन्ही दिवस धरून 61 दिवस. पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी ही बंदी 47 दिवसांची होती, 2015 पासून ती 61 झाली. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याच्या अखत्यारीत येतं, त्यापुढचं केंद्राच्या. तारखा दोन्हीकडे त्याच. त्यामुळे 'आम्ही बारा मैलांच्या बाहेर होतो' हे उत्तर चालत नाही.

31 मेच्या मध्यरात्रीआधी होडी बंदरात हवी. 30 तारखेला 'शेवटची फेरी' म्हणून लांब गेलात, वाटेत इंजिनाने दगा दिला आणि 1 जूनच्या दुपारी बंदरात लागलात, तर तुमची कहाणी कितीही खरी असो, सरकारी वहीत ती बंदीतली मासेमारीच. शेवटच्या आठवड्यात जवळच राहा, एवढंच सांगू.

लागू कुणाला? इंजिन असलेल्या सगळ्या नौकांना. इंजिन आत बसवलेलं असो की मागे बाहेरून टांगलेलं, फरक नाही. सूट आहे ती बिगर यांत्रिकी पारंपरिक होडीला, म्हणजे वल्ह्याची किंवा शिडाची. ज्यांच्या होडीला छोटं आउटबोर्ड आहे ते दरवर्षी विचारतात, 'इंजिन काढून ठेवलं तर?' खरोखर काढून घरी ठेवलंत आणि वल्ह्यावर गेलात तर होडी बिगर यांत्रिकी. ताडपत्रीखाली झाकून नेलंत तर नाही. आणि परवान्यावर होडीची नोंद यांत्रिकी असेल तर जाण्याआधी परवाना अधिकाऱ्याला विचारून घ्या, आमच्या शब्दावर जाऊ नका.

बंदीच्या दिवसांत अपघात झाला तर नुकसानभरपाई मिळत नाही. दंडाचा विचार सगळे करतात, याचा कुणी करत नाही. जूनमधला समुद्र कसा असतो ते आम्ही तुम्हाला काय सांगणार. होडी गेली, जाळी गेली आणि हातात काहीच नाही, असं घर या किनाऱ्यावर नवीन नाही.

शेजारची राज्यं: गोवा आणि कर्नाटकात तारखा आपल्यासारख्याच. केरळात 9 जूनच्या मध्यरात्रीपासून 31 जुलैपर्यंत, 52 दिवस. गुजरातने शेवट पुढे ढकलून 15 ऑगस्टपर्यंत नेला आहे. पूर्व किनाऱ्यावर बंदी 15 एप्रिल ते 14 जून. खलाशी बाहेरून आणणाऱ्या मालकांनी हे लक्षात ठेवावं, कारण कुठलं बंदर आधी उघडतं त्यावर माणसं कुठे जातात ते ठरतं.

नारळी पौर्णिमा आणि 1 ऑगस्ट

आपले जुने लोक नारळ अर्पण केल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नसत. कायदा मात्र इंग्रजी तारखेने चालतो. ज्या वर्षी अधिक मास पडतो त्या वर्षी दोन्हींत जवळजवळ महिन्याचं अंतर पडतं. 2023 साली नारळी पौर्णिमा 30 ऑगस्टला होती, 2026 साली ती 28 ऑगस्टला येते. 1 ऑगस्टला जाणं कायद्याने बरोबर आहे. पण परवानगी आहे म्हणून समुद्र शांत झालाय असं नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हवामान खात्याचा इशारा असेल तर बंदी संपलेली असूनही होडी शाकारलेलीच बरी. आमच्याकडून उधारीवर जाळं नेलेल्यांना यासाठी मुदत वाढवून मिळेल. समुद्राची घाई आमच्यामुळे करू नका.

आस: इथे सगळ्यात जास्त घोळ होतो

'माका बारीक आशीचा जाळा दी, काय एक सुटाक नको.' हे वाक्य काउंटरवर रोज ऐकू येतं. त्यामागची गरज कळते. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, सगळं एका फेरीतून काढायचं असतं. पण जे सुटू नये म्हणता तेच पुढच्या वर्षीचे मासे.

ट्रॉलच्या, म्हणजे होडीमागून ओढायच्या, जाळ्याला खोल्याकडे, म्हणजे अगदी शेवटच्या पिशवीला, 40 मिलिमीटरची चौकोनी आस लागते. चौकोनीच का? साधी आस पत्त्यांतल्या चौकटसारखी तिरकी असते. जाळं ओढलं की ती मिटते, आणि कागदावर 40 असलेली आस पाण्यात फट होऊन जाते. चौकोनी आस ओढीतही उघडी राहते, पिल्लं तिच्यातून निघतात. आमच्याकडे खोल्याचं जाळं याच मापाचं मिळेल. बारीक आशीचं अस्तर आतून शिवून द्या, असं कुणी सांगितलं तर नाही म्हणतो आणि म्हणत राहू. दंड होडीमालकाला होतो, दुकानदाराला नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही.

आस मोजायची कशी ते एकदा नीट बघा. एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत, जाळं ताणून धरून. एकच आस मोजली तर हात चुकतो. सलग दहा आसा धरायच्या, दोघांनी दोन टोकांना ताणायच्या, पट्टीवर लांबी घ्यायची आणि दहाने भागायचं. दहा आसा 38 सेंटिमीटर भरल्या तर ती 38 मिलिमीटरची आस, पुडक्यावर काहीही छापलेलं असो. नायलॉनचं जाळं वापरून, भिजून, उन्हात वाळून थोडं आकसतं आणि गाठी घट्ट होतात. म्हणून अगदी काठावरच्या मापाचं घेऊ नका, जरा मोठं घ्या. काउंटरवर स्टीलची पट्टी ठेवलेली आहे. जाळं नेण्याआधी आमच्यासमोर मोजा, जुनं जाळं आणून मोजलंत तरी चालेल, त्याचे पैसे पडत नाहीत.

पर्ससीनवाल्यांसाठी, म्हणजे माशांचा थवा घेरून खालून आवळायचं जाळं वापरणाऱ्यांसाठी, थोडक्यात. पर्ससीनचा अभ्यास केलेल्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 ला जी अधिसूचना निघाली, तिच्यानुसार राज्याच्या पाण्यात पर्ससीनला मुभा फक्त सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांची, तीही परवानाधारकांना. 1 ऑगस्टला बाकीच्यांबरोबर तुमची बंदी उठत नाही. मिनी पर्ससीन आणि रिंगसीन याच कायद्यात येतात, 'मिनी' म्हटल्याने ती लहान होत नाहीत.

लांबी: मासा किती मोठा हवा

अमेरिकेहून सुट्टीला आलेले आपले काही मुंबईकर रॉड घेऊन दुकानात येतात आणि पहिलं विचारतात, 'इथे बॅग लिमिट किती?' तिकडे राज्याराज्यांत शिकारीला आणि मासेमारीला लायसन्स असतं, हंगामाच्या तारखा ठरलेल्या असतात आणि एका माणसाने एका दिवसात किती नग घ्यायचे याचा आकडा असतो. आपल्या समुद्रात असा नगांचा आकडा नाही. आपल्याकडे मर्यादा आहे ती लांबीची. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने 54 जातींची किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली. केरळनंतर असा नियम करणारं महाराष्ट्र हे दुसरं राज्य.

रोज हाताळल्या जाणाऱ्या काही जाती इथे देतो. पापलेट 135 मिलिमीटर, हलवा 170, बोंबील 180, सुरमई म्हणजे आपली इसवण 370, घोळ 700. याहून लहान मासा धरायचा नाही. पूर्ण यादी दुकानात भिंतीवर लावली आहे, मत्स्यव्यवसाय कार्यालयातही मिळते.

135 मिलिमीटरचं पापलेट म्हणजे किती? साधारण तळहाताएवढं. ते मोठं नाही. बाजारात त्याहून लहान पापलेट ढिगाने विकलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय, चार-पाच ताटात बसतील असं. ज्या माशाला सप्टेंबर 2023 मध्ये राज्यमासा म्हणून मान दिला, त्याची ही अवस्था. ते एक पिल्लू सहा महिने पाण्यात राहिलं असतं तर ढिगाऐवजी नगावर विकलं गेलं असतं, हे गणित मासे विकणाऱ्या बायकांना आमच्यापेक्षा चांगलं येतं.

मोजताना वाद होतो तो शेपटीवर. काही जण शेपटीच्या टोकापर्यंत धरतात, काही जण मधल्या खाचेपर्यंत. आमचा सल्ला असा की नेहमी खाचेपर्यंतच मोजा. त्या मापात जो मासा बसला तो टोकापर्यंतच्या मापात बसणारच, कुणाशी हुज्जत घालावी लागत नाही. यासाठी आम्ही लाकडी मापपट्ट्या करून घेतल्या आहेत. वरच्या पाच जातींच्या खुणा त्यावर रंगवलेल्या आहेत आणि एका टोकाला आडवी फळी ठोकली आहे, तिला माशाचं तोंड टेकवायचं. होडीवर ओल्या हाताने वापरायला ती टेपपेक्षा सोयीची. जाळं घेणाऱ्याला एक पट्टी फुकट.

आम्ही काय विकत नाही

पाण्यात सोडायचे एलईडी दिवे आणि त्यांचे जनरेटर. प्रकाश टाकून मासे गोळा करणं केंद्राने नोव्हेंबर 2017 पासून बंद केलं आहे. राज्याच्या 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली, तेव्हा एलईडी आणि बुल ट्रॉलिंगचा (दोन होड्यांनी मिळून एक जाळं ओढण्याचा) दंड 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत गेला. नियमबाह्य पर्ससीनचा 1 लाख ते 6 लाख. पूर्वी ही प्रकरणं तहसीलदारांपुढे जायची, आता मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यापुढेच चालतात, त्यामुळे निकाल पूर्वीसारखे रेंगाळत नाहीत.

हे वाचून कुणी म्हणेल, रात्री समुद्रात दिवाळी दिसते ती कोण बघतं? बरोबर आहे. जेट्टीवर वावरीवाल्याचे (साध्या वावरी जाळ्याने मासे धरणाऱ्याचे) कागद तपासले जातात आणि बाहेर उजेड चालू असतो, हा राग आम्हीही रोज ऐकतो आणि तो खोटा नाही. जानेवारी 2025 पासून किनाऱ्यावर ड्रोनची गस्त सुरू झाली आहे. तिचा किती उपयोग होतो ते तुम्ही पाहालच. पण दुसऱ्याचा दिवा दिसतो म्हणून आपला लावला, तर तक्रार करायला तोंड राहत नाही.

मच्छरदाणीच्या कापडाचं पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, हेही आमच्याकडे मिळणार नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यातून, शेताच्या बांधावरून वर चढतात तेव्हा त्याला फार मागणी येते. चढणीच्या माशांची चव काय असते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, आमच्याही घरी खातात. पण वर चढणारा मासा पोटात गाभोळी घेऊन चढतो. मोठ्या आशीच्या पागाने चार मोठे धरा, बाकीचे जाऊ द्या. सुरुंग लावणं आणि पाण्यात विष कालवणं हा तर 1897 च्या कायद्यापासूनचा गुन्हा आहे. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

गरी टाकणाऱ्यांसाठी

सागरी कायद्यातला परवाना होडीशी आणि जाळ्याशी बांधलेला आहे, खडकावर बसून गरी टाकणाऱ्याच्या मागे तो लागत नाही. धरणात किंवा तलावात मात्र मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी एखाद्या सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. आधी त्यांना विचारा, मग गळ टाका. लांबीचा नियम माशाला आहे, साधनाला नाही, असंच समजून वागा. लहान लागला तर हात ओला करून गळ काढा आणि सोडा, कोरड्या हाताने धरलं की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. जून-जुलैत उधाणाच्या दिवशी खडकावर जाऊ नका. तसं कळलं तर त्या दिवशी गरी विकणार नाही, मग रागावू नका.

जाळ्यात कासव आलं तर

कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क, करवत मासा, समुद्री घोडा हे सगळे 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. अडकले तर सोडायचे. 'मग जाळं कापायचं कोणाच्या पैशाने?' हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर आहे. जाळं कापून असा जीव सोडला तर वन खात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या योजनेतून 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. 2018 पासून ही योजना चालू आहे आणि आपल्या भागातल्या कितीतरी जणांना अजून तिची माहिती नाही. पुरावा मात्र लागतो. जीव जाळ्यात अडकलेला, जाळं कापताना आणि जीव पाण्यात सोडताना, असे फोटो किंवा व्हिडिओ मोबाइलवर घ्या. एक माणूस कापेल, एकाने मोबाइल धरायचा. कापलेलं जाळं फेकून देऊ नका. अर्ज भरायला जमत नसेल तर जाळं आणि फोटो घेऊन दुकानात या. नव्या जाळ्याचं बिल जुन्याच मापाचं करून देऊ आणि अर्जही भरून देऊ.

बंदीतलं दुकान

जून-जुलैत दुकान सकाळी 9 ते दुपारी 1 उघडं. संध्याकाळी बंद, कारण त्या वेळात मागच्या पडवीत जाळी दुरुस्तीचं काम चालतं. फाटकी जाळी 15 जूनच्या आत आणून टाकलीत तर जुलैअखेर हातात मिळतील. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आणाल तर 1 ऑगस्टची हमी नाही. तंगूस (नायलॉनचा धागा), बोये (जाळं तरंगतं ठेवणारे), शिसं आणि दोर यांची मोठी मागणी असेल तर जूनमध्येच आगाऊ सांगा. येताना परवान्याची झेरॉक्स आणा, म्हणजे कोणत्या जाळ्याला मुभा आहे ते बघून माल काढता येईल.