शेवटचं पाणी आटवायचं की ओतून टाकायचं?

मिश्रणातले पदार्थ वेगळे करायचे म्हटलं की बाष्पीभवन सगळ्यांना येतं. मिठाचं पाणी बशीत ठेवलं, पाणी उडालं, मीठ उरलं. मीठ आणि कापूर असेल तर संप्लवन, म्हणजे तापवून कापराची थेट वाफ करणं; मीठ आणि वाळू असेल तर विरघळवून गाळणं. इथे कुणी अडत नाही.

अडतात ते दोन्ही स्थायू पाण्यात विरघळणारे असले की. मुलुंडला शिकवणीत मी दर वर्षी विचारते, सोऱ्यात (पोटॅशियम नायट्रेटमध्ये) थोडं मीठ मिसळलंय, शुद्ध सोरा कसा काढाल? आणि दर वर्षी कितीतरी वह्यांत तेच उत्तर: पाण्यात विरघळवून आटवा.

आटवून काय मिळेल? ५० ग्रॅम सोरा आणि ५ ग्रॅम मीठ घेतलं होतं, तेच ५५ ग्रॅम मिश्रण परत मिळेल. पाणी गेलं, भेसळ जागेवरच.

आता स्फटिकीकरण करून पाहा. तेच मिश्रण ५० मिलिलिटर चांगल्या गरम पाण्यात विरघळवा आणि २० अंश सेल्सिअसपर्यंत थंड होऊ द्या. या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात सोरा साधारण ३२ ग्रॅमच विरघळतो, म्हणजे आपल्या पाण्यात १६. उरलेले सुमारे ३४ ग्रॅम स्फटिक होऊन तळाशी बसतात. मीठ मात्र तेवढ्याच पाण्यात १८ ग्रॅमपर्यंत मावतं, त्यामुळे आपलं ५ ग्रॅम मीठ पाण्यातच राहतं. स्फटिक गाळून घ्यायचे, अगदी थोड्या गार पाण्याने धुवायचे. १६ ग्रॅम सोरा पाण्याबरोबर जातो, तो जाऊ द्यायचा. हे मुलांच्या जिवावर येतं, पण शुद्धतेची किंमत तीच आहे. आणि कृपा करून भांडं बर्फात ठेवू नका. घाईत वाढलेले स्फटिक मळकं पाणी पोटात धरून बसतात.

'बाष्पीभवनात साखर करपते, म्हणून स्फटिकीकरण चांगलं' हे पाठ केलेलं कारण खोटं नाही, पण दुय्यम आहे. खरं कारण भेसळ कुठे राहते हे आहे.

मग हमखास शंका येते: बाई, मिठागरात तर पाणी आटवूनच मीठ काढतात ना? भांडुप-कांजूरच्या बाजूची मिठागरं पूर्व द्रुतगती महामार्गावरून दिसतात, म्हणून हा प्रश्न आमच्याकडे हटकून निघतो. बरोबर आहे. मिठाची विद्राव्यता, म्हणजे पाण्यात किती विरघळतं ते, तापमानाने फारशी बदलत नाही, १०० मिलिलिटर पाण्यात शून्य अंशाला सुमारे ३६ ग्रॅम, शंभर अंशाला ३९. थंड करून काही हाती लागत नाही, म्हणून पाणीच कमी करावं लागतं. पण पूर्ण कोरडं करत नाहीत. आधी जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचा एक क्षार, तळाशी बसतं. खाडीचं पाणी आटून मूळच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आलं की मीठ बसू लागतं, आणि शेवटचं कडू पाणी बाहेर सोडून देतात. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. तेच मिठात राहिले, तर ते मीठ कडवट लागतं आणि जुलैच्या हवेत बरणीत पाझरू लागतं.