माता व बालआरोग्य सेवांची नोंद आणि निधी : महाराष्ट्र

गरोदरपणापासून मूल पाच वर्षांचे होईपर्यंत आई आणि बाळाला मिळणाऱ्या सरकारी सेवांची गणती ठेवण्याची आणि त्यांचा खर्च भागवण्याची महाराष्ट्र राज्यातील व्यवस्था. गणतीचे काम सार्वजनिक आरोग्य विभाग, महिला व बालविकास विभाग, जिल्हा परिषदा आणि महापालिका यांच्यात वाटलेले आहे. पैसा मुख्यतः राष्ट्रीय आरोग्य अभियान, राज्याचा अर्थसंकल्प, आदिवासी उपयोजना आणि जिल्हा वार्षिक योजना यांतून येतो. गणती आणि पैसा ही कामे वेगळी दिसली तरी एकमेकांना घट्ट बांधलेली आहेत. पुढच्या वर्षाची मागणी मागच्या नोंदींच्या आधारे मांडली जाते आणि आईच्या खात्यात हप्ता जमा होतो तोही नोंद पुरी झाल्यावरच. जिची नोंद झाली नाही तिच्यासाठी या व्यवस्थेत पैसाही नसतो. बाकीचा सगळा तपशील या एका गोष्टीच्या उजेडात वाचावा लागतो.

उपकेंद्रातली नोंदवही

नोंदीचा उगम उपकेंद्रात आहे. सपाटीवर साधारण ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. तिथली आरोग्यसेविका, म्हणजे एएनएम, आणि गावातली आशा, म्हणजे आरोग्य स्वयंसेविका, मिळून आधी जननक्षम जोडप्यांची यादी करतात. त्यातली कोणाची पाळी चुकली हे आशाला बहुधा सर्वांआधी कळते. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी, किमान चार तपासण्या, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची लस, लोहाच्या गोळ्या, पुढे प्रसूतीची जागा, बाळाचे जन्मवजन आणि लसीकरण असे सगळे रकाने एकाच स्त्रीच्या नावापुढे भरत जातात. त्याचीच एक प्रत माता व बाल संरक्षण कार्ड म्हणून तिच्या हातात राहते.

काम किती झाले हे ठरवताना मात्र आधी किती व्हायला हवे होते हे ठरवावे लागते. हा छेद, म्हणजे टक्केवारी काढताना ज्याने भागायचे ती अपेक्षित संख्या, अंदाजाने काढतात. लोकसंख्येला जन्मदराने गुणायचे आणि गर्भपात व मृतजन्म धरून दहा टक्के वाढवायचे. जन्मदर हजारी १५ धरला तर ५,००० वस्तीच्या उपकेंद्रात वर्षाला ७५ जन्म आणि सुमारे ८२ गरोदर माता अपेक्षित असतात. लोकसंख्येचा आधार २०११ ची जनगणना आणि त्यावर केलेली वाढ. शहराला लागून फुगलेल्या गावात त्यामुळे काम शंभर टक्क्यांच्या वर दिसते, तर ज्या गावातली तरुण माणसे बाहेर पडली तिथे सेविकेने घर न् घर पिंजून काढले तरी टक्केवारी अपुरीच राहते. आढावा बैठकीत तिला जाब विचारला जातो तो बऱ्याचदा या छेदामुळे.

दुसरी अडचण आपल्या रीतीतूनच येते. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटीभरण झाले की सून माहेरी जाते. तपासण्या सासरच्या उपकेंद्रात, प्रसूती माहेरच्या तालुक्यात, बाळाच्या पहिल्या लसी तिथेच आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर पुन्हा सासरी. कार्ड सोबत नेले आणि दोन्हीकडच्या सेविकांनी जुना क्रमांक वापरला तर साखळी टिकते. नाहीतर सासरी ती स्त्री अर्ध्यावर हरवलेली दिसते आणि माहेरी नवी, उशिरा नोंदवलेली म्हणून चढते. माहेरची ही ये-जा गृहीत धरूनच नोंदपद्धती आखायला हवी होती. ती आखली गेली एकाच पत्त्यावर राहणाऱ्या कुटुंबासाठी.

कागदावरून पडद्यावर

२००८ मध्ये आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली सुरू झाली. तिच्यात प्रत्येक आरोग्यसंस्था महिन्याचे एकूण आकडे भरते : किती नोंदण्या, किती प्रसूती, किती सिझेरियन, किती कमी वजनाची बाळे. व्यक्ती तिच्यात दिसत नाही. म्हणून २००९ च्या अखेरीस नावनिशीवार माता-बालक मागोवा प्रणाली आली आणि पुढे तिची जागा आरसीएच, म्हणजे प्रजनन व बालआरोग्य, पोर्टलने घेतली. प्रत्येक मातेला कायमचा क्रमांक देणे आणि पुढची तपासणी कोणाची थकली आहे याची यादी सेविकेला देणे हा तिचा हेतू. ही यादी हाती पडली तर यंत्रणा खरोखर उपयोगाची ठरते. आठव्या महिन्यातली, हिमोग्लोबिन सातच्या खाली असलेली बाई कुठल्या पाड्यावर आहे हे त्यातून कळते. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत अशा जोखमीच्या माता वेगळ्या काढल्या जातात.

याच्या शेजारी अंगणवाडीची स्वतंत्र नोंद चालते. २०२१ पासून ती पोषण ट्रॅकरवर आहे. लसीकरणासाठी यू-विन हे आणखी एक व्यासपीठ आले. एकाच बाळाचे वजन अंगणवाडीसेविका एका ॲपमध्ये आणि आरोग्याचे कर्मचारी दुसऱ्या नोंदीत भरतात. दोन्ही आकडे जुळावेत ही अपेक्षा असते, पण जुळवण्याचे काम कोणाच्याच वेळापत्रकात नसते. तीव्र कुपोषित, म्हणजे रोजच्या बोलण्यातले सॅम, बालक अंगणवाडीच्या यादीत असूनही ग्राम बाल विकास केंद्रात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात पोहोचत नाही, तेव्हा त्यामागे बऱ्याचदा ही न जुळलेली नोंद असते.

मृत्यूची नोंद

जिवंत माणसाची नोंद करणे त्या मानाने सोपे. जन्मल्यावर काही तासांत गेलेल्या बाळाची नोंद करणे अवघड. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि खेड्यात निबंधक म्हणून ग्रामसेवक काम पाहतो. नाव ठेवण्याआधीच गेलेल्या बाळासाठी त्याच्याकडे कोण जाणार? घरच्यांना त्या दाखल्याचा काही उपयोग नसतो. आरोग्य कर्मचाऱ्याच्या मनात भीती असते, कारण बालमृत्यू नोंदवला की चौकशी त्याचीच होते. अशा वेळी मृतजन्म लिहिणे किंवा काहीच न लिहिणे ही दोन्ही पळवाटा राज्याने पाहिल्या आहेत.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा दिली आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचाराइतकेच महत्त्व त्यामागच्या मोजणीला होते. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू गावातल्याच शिकवून तयार केलेल्या स्त्रीने टिपला होता. पुढे राज्याच्या वेगवेगळ्या भागांतल्या स्वयंसेवी संस्थांनी तशीच मोजदाद केली, तेव्हा प्रत्यक्षातले बालमृत्यू सरकारी नोंदीच्या कितीतरी पट निघाले. ‘कोवळी पानगळ’ या नावाने तो अहवाल मांडला गेला आणि त्यानंतर राज्याने डॉ. बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. घरोघरीच्या बालसेवेचा हा नमुना २०११ पासून देशभर आशांमार्फत राबवला जातो. जन्मापासून ४२ दिवसांत ठरलेल्या भेटी दिल्यावर आशाला २५० रुपये मिळतात.

मातामृत्यूसाठी वेगळी पद्धत आहे. गरोदरपणात किंवा प्रसूतीनंतर ४२ दिवसांत त्या कारणाने झालेला मृत्यू तो मातामृत्यू. तो निसटू नये म्हणून १५ ते ४९ वयाच्या स्त्रीचा कोणताही मृत्यू आधी कळवायचा आणि मग छाननी करायची. रुग्णालयातल्या मृत्यूची चौकशी रुग्णालयात, घरच्या मृत्यूची नातेवाइकांना भेटून, आणि काही प्रकरणे थेट जिल्हाधिकाऱ्यांपुढे.

राज्याचा अधिकृत मातामृत्यू दर मात्र यातून निघत नाही. तो नमुना नोंदणी पद्धतीतून, म्हणजे निवडक वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंच्या पाहणीतून, येतो. २०१८-२० साठी महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, तेव्हा देशाचा आकडा ९७ आणि केरळचा १९ होता. २०२० मध्ये राज्याचा अर्भक मृत्युदर हजारी १६ होता. हे आकडे अभिमानाचे आहेत, पण ते संपूर्ण राज्याचे आहेत. नमुना लहान असल्याने जिल्ह्याचा दर त्यातून मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्हावार माहिती देते, पण जिल्ह्याच्या पत्रकात मृत्युदर नसतो. परिणाम असा की नंदुरबार किंवा गडचिरोलीत किती बाळे दगावली याचे उत्तर त्याच यंत्रणेच्या नोंदवहीतून घ्यावे लागते, जिचे काम तपासायचे आहे. या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा दोष मला हाच वाटतो.

सर्वेक्षणे दुसरीही एक गोष्ट दाखवतात. २०१९-२१ मध्ये राज्यातल्या ९४.७ टक्के प्रसूती संस्थेत झाल्या. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या बालकांचे प्रमाण मात्र २५.६ टक्के होते, २०१५-१६ मध्ये होते तेवढेच. प्रसूतीला पैसा आणि नोंद दोन्ही जोडलेली होती. बाळ घरी गेल्यावरच्या दोन वर्षांना तेवढी नव्हती.

पैशाचा प्रवास

सार्वजनिक आरोग्य हा संविधानाने राज्यांकडे दिलेला विषय. तरी १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यापासून या सेवांच्या खर्चाची चौकट केंद्रात ठरते. २०१५-१६ पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के आहे. जिल्हे आपल्या मागण्या पाठवतात, राज्य त्यांचा अंमलबजावणी आराखडा करते, त्यावर दिल्लीत बैठक होते आणि मंजूर बाबींचा कागद परत येतो. त्या कागदात जी ओळ नाही तिच्यावर खर्च करता येत नाही. सातपुड्यातल्या एखाद्या पाड्याला रुग्णवाहिकेऐवजी नावेची गरज असली तरी त्या नावेलाही आधी ओळ हवी.

पूर्वी केंद्राचा पैसा थेट राज्य आरोग्य सोसायटीच्या, म्हणजे अभियान राबवणाऱ्या संस्थेच्या, खात्यात येई. २०१४-१५ पासून तो राज्याच्या कोषागारातून जातो. जबाबदारीच्या दृष्टीने हे योग्यच, पण कोषागारातून सोसायटीकडे पैसा रेंगाळत जातो हे महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात अनेक राज्यांबाबत नोंदवले. वर्षाचा मोठा हिस्सा शेवटच्या महिन्यांत हाती आला की औषधखरेदी आणि प्रशिक्षणे मार्चमध्ये उरकली जातात, बाळंतपणे मात्र बारमाही असतात.

आईपर्यंत पैसा पोहोचवणाऱ्या योजना अनेक आहेत. जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील मातेला सरकारी संस्थेतील प्रसूतीनंतर ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात. १ जून २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात रोख रक्कम नसते. प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि घरी पोचवणारी गाडी हे सारे मोफत द्यायचे असते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये आहेत. पहिला हप्ता नोंदणी आणि तपासणीवर, दुसरा जन्मनोंद आणि लसींच्या पहिल्या फेरीवर अवलंबून. आधारवरचे माहेरचे नाव आणि बँकेतले सासरचे नाव जुळले नाही की अर्ज अडतो, मग ती बाई कितीही वेळेवर तपासणीला आलेली असो.

राज्याची स्वतःची भर सर्वांत स्पष्ट दिसते ती आदिवासी भागात. मेळघाटातल्या, म्हणजे अमरावतीच्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या बालमृत्यूंचा प्रश्न १९९० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात गेला. १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली. पावसाळ्याआधी धान्य पोचवणे, भरारी पथके, मानसेवी डॉक्टर आणि मातृत्व अनुदान असे तिचे अनेक भाग. दुर्गम गावांतल्या गरोदर स्त्रीने प्रसूतीच्या काही दिवस आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावे म्हणून माहेरघरे उभी राहिली. २०१५ पासून अमृत आहार योजनेत अंगणवाडीत गरोदर व स्तनदा मातांना दिवसाचे एक पूर्ण जेवण मिळते. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत ‘बुडीत मजुरी’ म्हणून ४,००० रुपये देण्याची तरतूद आहे, निम्मे नवव्या महिन्यात आणि निम्मे प्रसूतीनंतर. सर्व योजनांत ही मला सर्वांत समजूतदार वाटते, कारण बाई विश्रांती का घेत नाही याचे खरे कारण या योजनेने ओळखले आहे.

नोंद करणाऱ्या हातांचा मोबदला

हा सारा डोलारा ज्या आशांच्या खांद्यावर आहे त्यांना पगार नाही. कामागणिक मोबदला आहे आणि त्यावर राज्याचे मानधन. प्रदीर्घ संपानंतर २०२४ मध्ये राज्याने त्यांच्या मानधनात महिन्याला ५,००० रुपयांची वाढ केली. संपाच्या काळात अनेक गावांत नोंदीच थांबल्या, म्हणजे त्या काळातल्या गरोदर मातांचा मागोवा तुटला. कामागणिक पैसे मिळत असल्याने ज्या कामाला दर आहे ते आधी होते. घाबरलेल्या मुलीपाशी तासभर बसून तिला रुग्णालयात यायला राजी करणे, या कामाला दर नाही.

स्थलांतर

दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, मेळघाट आणि नंदुरबारमधून कुटुंबे गुजरात-मध्य प्रदेशात मजुरीला जातात. त्यांत गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुलेही असतात. गावच्या नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. उसाच्या फडावरच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, मात्र त्या कोणाच्याच यादीत नसतात. महिला व बालविकास विभागाने यासाठी स्थलांतरितांचा मागोवा घेणारी संगणकप्रणाली सुरू केली आहे. निघताना अंगणवाडीसेविकेने नोंद करायची आणि पोचल्या ठिकाणच्या सेविकेने आहार चालू ठेवायचा अशी तिची रचना. राज्याची हद्द ओलांडली की ती थांबते, आणि आरोग्य विभागाचा मातेचा क्रमांक तिच्यापासून वेगळाच राहतो.