हात ठेवलेली जमीन : दक्षिण सिनाईतील बदूंच्या तळांची पार्श्वभूमी

इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पात, अकाबाच्या आखातावर, ताबा ते नुवेबा या गावांमधल्या पट्ट्यात, बदूंनी, म्हणजे वाळवंटातल्या अरब जमातींनी, पाहुण्यांसाठी चालवलेले खजुरीच्या झावळ्यांच्या झोपड्यांचे तळ एकामागून एक लागतात. अशा झोपडीला तिथे 'हुशा' म्हणतात. समुद्र पन्नास पावलांवर असतो, पलीकडे सौदी अरेबियाचे डोंगर दिसतात, आणि चहात 'हबक' नावाचा तिथला पुदिना पडतो. पाहुण्याने दोन दिवस पोहावे आणि तिसऱ्या दिवशी त्याच घराण्यातल्या वाटाड्याबरोबर, उंटावर सामान लादून, आतल्या रंगीत घळींत चालायला निघावे, असा तिथला रिवाज आहे. किनारा आणि डोंगर हे एकाच व्यवसायाचे दोन हात आहेत. बहुतेक प्रवासवर्णने यजमानाच्या दिलदारपणाशी थांबतात. ज्या जमिनीवर तो चहा पाजतो ती कागदावर कोणाची आहे, हे विचारल्याशिवाय या पाहुणचाराचा इतिहास कळत नाही.

त्यासाठी 'वद्अ यद' हा एकच शब्द नीट समजून घ्यावा लागतो. अरबीत त्याचा शब्दशः अर्थ 'हात ठेवणे'. इजिप्तच्या कायद्यात आणि कचेऱ्यांत तो मालकीपत्राशिवाय जमीन ताब्यात असण्यासाठी वापरतात. मराठीत त्याला नेमका शब्द शोधताना आपली पंचाईत होते. 'कब्जा' म्हटले तर (तोही मुळात अरबीच, मुठीत धरण्याच्या क्रियेवरून आलेला) जबरदस्तीचा वास येतो. 'वहिवाट' म्हटले तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराला मान मिळतो. 'अतिक्रमण' म्हटले की निकालच लागला. सिनाईतला सगळा वाद या तीन शब्दांमध्ये हेलकावे खातो. सरकारी कागद 'वद्अ यद' लिहितो तेव्हा त्याच्या मनात अतिक्रमण असते. बदू तोच शब्द तोंडी वापरतो तेव्हा त्याला वहिवाट म्हणायचे असते. दोघे एकच शब्द बोलतात, म्हणून संवाद झाल्यासारखा वाटतो. तो झालेला नसतो.

कायद्याचा क्रम पाहिला की हा गोंधळ कसा वाढला ते दिसते. 1948 च्या इजिप्शियन दिवाणी संहितेने मालक नसलेली पडीक जमीन सरकारची ठरवली, पण एक वाट मोकळी ठेवली. एखाद्या इजिप्शियनाने परवानगीशिवायही अशी जमीन कसली, तिच्यात झाडे लावली किंवा घर बांधले, तर तेवढ्या तुकड्याचा तो मालक होई. 1957 मध्ये ठरले की सरकारी जमिनीवर कितीही वर्षे ताबा असला तरी केवळ काळाच्या जोरावर मालकी मिळणार नाही. 1964 मध्ये कसून मालक होण्याची ती वाटही बुजवली. आणि 1981 च्या कायद्याने लागवडीखालच्या हद्दीपासून दोन किलोमीटरपलीकडची सरकारी जमीन 'वाळवंटी जमीन' म्हणून वेगळी काढून तिच्या विल्हेवाटीचे नियम घातले. नाईलच्या काठी दोन किलोमीटर ही रेघ अर्थपूर्ण आहे, तिथे हिरवे कुठे संपते ते डोळ्यांना दिसते. दक्षिण सिनाईत लागवड म्हणजे एखादी विहीर, डझनभर खजुरी आणि डोंगरातल्या भिंतीआडच्या बदामाच्या बागा. ती रेघ तिथे कुठून मोजायची?

वर्षे पुन्हा एकदा वाचा. 1964 मध्ये ती तरतूद रद्द झाली तेव्हा या किनाऱ्यावर प्रशासन जवळजवळ नव्हतेच. घर बांधून मालकी मागता येते, हे ज्यांना कोणी कधी सांगितलेच नाही, त्यांचा तो हक्क त्यांच्या नकळत गेला. 1981 चा कायदा झाला तेव्हा नुवेबा, दहब आणि शर्म अल-शेख इस्रायलच्या ताब्यात होते. किनारा परत येण्याआधीच तो कोणाचा हे लिहून ठेवलेले होते.

बदूंच्या रूढीचा कायदा, 'उर्फ', वेगळ्या पद्धतीने मोजतो. चराई सगळ्यांची. विहीर ज्याने खणली त्याच्या घराण्याची, पण पाणी पाजण्यास नकार नाही. खजुरीची झाडे मात्र घराण्यांत वाटलेली, कोणते कोणाचे ते लहान मुलालाही ठाऊक. जमातींच्या सीमा पाणलोटांवरून आणि खिंडींवरून ठरलेल्या. कागद नाही, पण अनागोंदीही नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या पण पिढ्यान्‌पिढ्या एकाच रानात मेंढ्या बसवणाऱ्यांची अडचण आपल्याकडे ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

सरकारची बाजूही आहे. 1956 आणि 1967, अकरा वर्षांत दोनदा हा द्वीपकल्प शत्रूच्या ताब्यात गेला. सीमेवरच्या जमिनीबद्दल असे राष्ट्र हळवे असणारच. पण ती चिंता आणि चौरस मीटरला सुमारे एक डॉलर दराने किनारा हॉटेलवाल्यांना देणे, या दोन गोष्टी एका तराजूत बसत नाहीत. 1991 मध्ये पर्यटनासाठी स्वतंत्र सरकारी प्राधिकरण नेमले गेले आणि किनाऱ्यावरच्या जमिनी याच भावात गुंतवणूकदारांकडे गेल्या. ज्यांच्या झोपड्या आधीपासून तिथे होत्या, त्यांच्यासाठी 'वद्अ यद' हा शब्द राहिला.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. डोंगरातला सेंट कॅथरीनचा ख्रिस्ती मठ सहाव्या शतकात, बायझंटाइन सम्राट जस्टिनियनच्या काळात उभा राहिला. त्याच्या राखणीला आणलेल्या माणसांचे आपण वंशज, असे जबालिया जमात सांगते. परक्याला डोंगरातून सुखरूप नेण्याची जबाबदारी आणि तिचा मोबदला जमातीच्या हक्कात मोडत असे. तसा राखणदार म्हणजे 'गफीर'. एकोणिसाव्या शतकातले युरोपीय प्रवासी सुएझहून उंटांवर निघत, आणि उंट कोणाचे घ्यायचे यावरून वाटेतच भांडणे होत. म्हणजे वाटाड्याचा धंदा पर्यटनाने आणलेला नाही. पर्यटनाने त्याचे गिऱ्हाईक बदलले.

खरा बदल 1967 नंतरचा. त्याआधीची दहा वर्षे शर्म अल-शेखला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची चौकी होती. या सेनेत भारतीय तुकड्याही होत्या, बऱ्याचशा गाझाच्या बाजूला. युद्धानंतर इस्रायलने नुवेबाजवळ नेविओत, दहबला दी-झहाव आणि शर्मला ओफिरा या वसाहती उभ्या केल्या आणि आपल्या एलात बंदरापासून किनाऱ्याने डांबरी रस्ता खाली नेला. तोवर मुझेना आणि तराबीन जमातींची कुटुंबे उन्हाळ्याच्या शेवटी खजूर उतरवायला आणि मासेमारीला किनाऱ्यावर येत आणि थंडीत आत जात. रस्ता झाल्यावर पुरुषांना बांधकामावर रोजंदारी मिळाली, आणि पाठीवर पिशव्या घेतलेली तरुण मुले वाळूत झोपायला येऊ लागली. त्यांना सावली हवी होती, भाकरी हवी होती, चहा हवा होता. झावळ्यांची झोपडी उभी राहिली ती यातून. बदूंचे पारंपरिक घर बकरीच्या केसांचे पाल असते. आज ज्याला 'अस्सल बदू झोपडी' म्हणून दाखवतात, ती खजुराच्या हंगामातल्या तात्पुरत्या आडोशाचे पाहुण्यांसाठी केलेले रूप आहे. यात फसवणूक काही नाही, कारण पाहुण्याला काय सोसेल हे ओळखणे हेही यजमानपणच. पण बदूंची संस्कृती 'आदिम, न बदललेली' असल्याचे जे सांगितले जाते, ते या किनाऱ्यापुरते तरी खरे नाही.

25 एप्रिल 1982 ला किनारा इजिप्तला परत मिळाला. फक्त ताबा हे गाव लवादानंतर 1989 मध्ये मिळाले. पंधरा वर्षे इस्रायली मालकांकडे काम केलेले, हिब्रू बोलणारे बदू नव्या अधिकाऱ्यांना संशयास्पद वाटले. बदू स्वतःला 'अरब' म्हणतात आणि नाईलकाठच्यांना 'मसरी', म्हणजे मिसरवाले. स्वतःच्याच देशातल्या माणसांना दुसऱ्या देशाच्या नावाने हाक मारण्याचा हा प्रकार कैरोत कसा ऐकला जात असेल, ते सांगायला नको. शर्म मोठ्या हॉटेलांचे झाले आणि तिथल्या नोकऱ्या बहुतांशी नाईलकाठच्यांना मिळाल्या. दहबला बुडीमारीचा धंदा वाढला. ताबा ते नुवेबा या पट्ट्यात मात्र इस्रायली तरुण परत येत राहिले, आणि 1990 च्या दशकात तिथले तळ खऱ्या अर्थाने भरभराटीला आले.

7 ऑक्टोबर 2004 च्या रात्री ताबा गावातले हॉटेल आणि त्याच किनाऱ्यावरच्या रास शैतानचे तळ यांवर स्फोट झाले, 34 माणसे गेली. पुढच्या जुलैत शर्म, आणि 24 एप्रिल 2006 ला दहब. दहबच्या मृतांत बहुतेक इजिप्शियनच होते. उत्तर सिनाईत सरसकट धरपकड झाली आणि तिची सावली दक्षिणेवरही पडली, जिथल्या जमाती पर्यटकांवरच जगत होत्या. 2011 च्या उठावानंतर गिऱ्हाईक आणखी आटले. ऑक्टोबर 2015 मध्ये शर्महून निघालेले रशियन विमान सिनाईवर पडले, 224 जण मरण पावले, आणि परदेशी विमानांनी पाठ फिरवली. अर्धवट बांधलेल्या हॉटेलांचे सांगाडे त्या रस्त्यावर पुढे वर्षानुवर्षे उभे राहिले. झावळ्यांच्या झोपड्यांना कर्ज नव्हते, त्यामुळे त्या तगल्या. दरम्यान 2012 च्या एका फर्मानाने सिनाईतली जमीन मालकीने घेण्याचा हक्क फक्त इजिप्शियन नागरिकत्व असलेल्या आणि आईबाप दोघेही इजिप्शियन असलेल्यांपुरता ठेवला. परकीयांना रोखण्यासाठी ते ठीक होते. पण वहिवाटीवर जगणाऱ्याचा ताबा मान्य करून घेण्याचा प्रश्न होता तिथेच राहिला.

याच पडत्या वर्षांत, 2015 मध्ये, एक पायवाट आखली गेली : सुरुवातीला सुमारे 220 किलोमीटर, किनाऱ्यापासून सेंट कॅथरीनच्या डोंगरांपर्यंत, तराबीन, मुझेना आणि जबालिया या तीन जमातींच्या मुलखातून. 2018 मध्ये ती 550 किलोमीटर आणि आठ जमातींची झाली. तिचा नियम असा की प्रत्येक जमातीच्या हद्दीत त्याच जमातीचा वाटाड्या चालेल, आणि सीमेवर पाहुणे पुढच्याच्या स्वाधीन केले जातील. जेजुरी-पंढरपूरसारख्या ठिकाणी ज्यांनी पाळीची व्यवस्था पाहिली आहे, त्यांना या शिस्तीची किंमत कळेल. माझ्या मते सिनाईच्या पर्यटनात गेल्या पन्नास वर्षांत झालेली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मालकीचा दावा न करताही ती पायवाट जमातींच्या सीमा जगापुढे मांडते. वाटाड्या कुठे बदलतो ते पाहिले की हद्द कळते. 2019 मध्ये हमादा जमातीच्या स्त्रियाही वाटाड्या झाल्या. अटी दोन : बरोबर फक्त स्त्रिया, आणि सूर्यास्तापूर्वी गावात परत. अटी कडक वाटतील, पण त्या जमातीने स्वतः घातल्या आहेत, आणि त्या बाहेरच्यांनी मोडून काढाव्यात असे मला वाटत नाही.

2020 नंतर सेंट कॅथरीनच्या दऱ्यांत सरकारी पर्यटन प्रकल्पाची बांधकामे सुरू झाली. हा परिसर 2002 पासून जागतिक वारसा आहे. जबालियांची घरे आणि पाहुण्यांचे तळ पाडले गेल्याच्या, वाहनतळासाठी कबरी उकरून मृतदेह हलवावे लागल्याच्या बातम्या आल्या. मे 2025 मध्ये अपिलाच्या न्यायालयाने मठाबाबत निकाल दिला : जमीन राज्याची, मठाला तिचा वापर करण्याचा हक्क. जवळजवळ पंधरा शतके अखंड वस्ती असलेल्या, हस्तलिखितांनी भरलेल्या संस्थेच्या वाट्याला वापराचा हक्क आला, मालकी नाही. निदान तो वापर न्यायालयाने लिहून दिला. किनाऱ्यावरच्या हुशावाल्याकडे तेवढाही कागद नाही. त्याच्याकडे आजोबांनी लावलेल्या खजुरी आहेत आणि त्या कोणाच्या हे सांगणारे शेजारी आहेत.